बरणी हलवा आणि वाट बघा

शाळेत त्यांना दगडबाई म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, चक्क तोंडावर. बाईंना त्याचं काही वाटत नसे. पर्समध्ये रुमाल आणि चष्म्याच्या शेजारी चार-पाच दगड नसले तर खांद्याला चुकल्या-चुकल्यासारखं होतं, असं त्या स्वतःच सांगत. चौथीच्या वर्गाला त्या सगळंच शिकवत, पण जीव मात्र माती, दगड, नदी आणि डोंगर यांच्यातच. बाकीचे धडे त्या उरकत. हे धडे राखून ठेवत, जेवताना आवडीचा घास शेवटी ठेवतात तसे.

विकतचे किंवा तयार व्हिडिओ बाईंना पटत नसत. त्यात एक गोड आवाज सगळं सांगून मोकळा होतो आणि पोरं आ वासून बसतात, डोक्यात काडीचंही शिरत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून सतरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात व्हिडिओ काढायला सुरुवात केली. ठिबकणाऱ्या नळाखाली साबणाची वडी ठेवून डोंगर कसा झिजतो ते दाखवलं. चार चादरी एकावर एक घालून दोन्ही बाजूंनी रेटल्या आणि जमिनीला वळ्या कशा पडतात ते दाखवलं. असे तेवीस व्हिडिओ झाले. कॅमेरा धरायला नवरा. तो शिलाई मशीन दुरुस्त करणारा, हाताला कंप नाही आणि तोंडाला शब्द नाही. एका मोडक्या मशीनच्या लोखंडी पायावर त्यानं कॅमेऱ्याचा स्टँड बनवला होता, तो असा जड की भूकंपाचा व्हिडिओ काढताना टेबल हललं, स्टँड हलला नाही.

व्हिडिओ दाखवायचा म्हणजे तो थांबवायचा, ही बाईंची पद्धत. ऐन मोक्याला त्या बटण दाबत आणि विचारत, "आता काय होईल?" मागच्या बाकावरचं शेवटचं पोर काहीतरी अंदाज सांगेपर्यंत पुढे जायचं नाव नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, चार मिनिटांच्या व्हिडिओला पस्तीस मिनिटं कशी लागतात. बाई म्हणाल्या, "चार मिनिटं व्हिडिओची. बाकीची पोरांची." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न पिता गेले.

तेविसांत सगळ्यात गाजलेला व्हिडिओ बरणीचा. काचेची उभट बरणी, लाल झाकणाची. तिच्यात खडे, वाळू, बारीक माती आणि पाणी. बरणी हलवायची, ठेवायची आणि वाट बघायची. बरणीशेजारी बाईंची लेक, नऊ वर्षांची, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली, पुढचा दात अर्धा आलेला. आधी काय खाली बसेल, असं बाईंचा आवाज विचारतो, आणि लेक मान ताठ करून सांगते, "आधी बारीक माती बसणार. कारण लहान लवकर दमतात. मोठे दगड दमत नाहीत."

आणि मग दगड धपकन तळाला. त्यावर वाळू. बारीक माती मात्र पाण्यात तरंगते ती तरंगतेच. लेक बरणीकडे बघते, मग डावीकडे वर बघते. तिथे तिची आई उभी होती. व्हिडिओ तिथे संपतो.

पोरं दरवर्षी हसून लोळत. हसणं ओसरलं की बाई समजावत, जड ते आधी बसतं, नदीही वाहत जाताना असंच करते, दगड वाटेत टाकते आणि गाळ शेवटपर्यंत नेते. हे समजावताना ते शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राही. थर दिसतात म्हणून ठेवते, असं त्या म्हणत. खरं म्हणजे त्या थरांकडे बघतच नसत. वर्षातून एकदा ते सुटलेल्या रिबिनीचं पोर समोर येई, भिंतीएवढं मोठं, थेट त्यांच्याकडे बघणारं, आणि बाईंना ते बंद करवत नसे.

कारण ती लेक आता सव्वीस वर्षांची होती आणि पार लांबच्या शहरात एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासत होती. दर रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन करायची. तब्येत, हवा, बाबांचा गुडघा, बाकी ठीक. चार मिनिटांत फोन संपायचा, व्हिडिओएवढाच. भांडण म्हणावं तर झालं नव्हतं. पण तीन वर्षांत ती घरी आली नव्हती, आणि कधी येतेस असं विचारलं की बघू म्हणायची. लेकीची खोली बाई रोज झाडत. गादीवर चादर घालत आणि आठवड्यानं न वापरलेली चादर धुवायला काढत.

हे बाईंचं शाळेतलं शेवटचं वर्ष. निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा शिक्षण खात्यातल्या एक मॅडम आल्या, त्यांनी वर्गात मागे बसून तीन व्हिडिओ पाहिले आणि म्हणाल्या, हे सगळे आपण सगळ्या शाळांना पाठवू. बरणीचा तर पहिला. एकच अडचण होती. व्हिडिओत जे कुणी दिसतं त्याची लेखी संमती लागते. मॅडमनी संमतीचा कोरा फॉर्म दिला आणि सही करून महिनाअखेरपर्यंत पाठवा म्हणाल्या.

बाई हवेत होत्या. रविवारी अकरापासूनच फोनशेजारी खुर्ची ओढून बसल्या. फोन आला तसं त्यांनी तब्येत-हवा सगळं बाजूला सारलं आणि बातमी सांगितली.

लेक म्हणाली, "आई, नाही."

"नाही म्हणजे? सही मागाहून पाठवतेस का?"

"सहीच नाही. तो व्हिडिओ नको पाठवूस कुठे. शाळेत पण नको दाखवूस, खरं सांगायचं तर."

बाईंना हसू आलं. "अगं, सगळ्यांचा किती लाडका आहे तो. सतरा वर्षं झाली, पोरं अजून..."

"अजून हसतात. माहितीये मला. मी तिसऱ्या बाकावर बसले होते आई, विसरलीस? माझ्याच वर्गात लावलास तू तो. त्या दिवसापासून दहावीपर्यंत मला कुणी नावानं हाक मारली नाही. बरणी. बरणी आली, बरणी दमली का, बरणीला हलवू नका, खाली बसेल. एकाच आवारात शाळा, दरवर्षी नवीन चौथी. जुनी मुलं विसरायला लागली की तू नव्यांना शिकवायचीस."

बाईंना तो दिवस चांगला आठवत होता. त्यांच्या नोकरीतला सगळ्यात अभिमानाचा दिवस होता तो. लेक मान खाली घालून बसली होती. लाजली, असं त्यांना वाटलं होतं.

"मला एकदा सांगायचं तरी," बाई म्हणाल्या.

"सांगितलं होतं. तेव्हाच, स्वयंपाकघरात. दाखवू नको म्हटलं होतं. तू बरं म्हणाली होतीस."

"मी? कधी?"

"जाऊ दे. बाबांचा गुडघा कसा आहे?"

त्या दिवशी घरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. एवढ्याशा गोष्टीचं एवढं, म्हणाल्या बाई. आणि मी बरं म्हणेनच कशी, म्हणाल्या. शब्द देऊन फिरवणाऱ्यांतली मी आहे का, असं त्यांनी नवऱ्याला तीनदा विचारलं. नवरा खिडकीशी एका मशीनचं पोट उघडून बसला होता. तोंडात धरलेला स्क्रू त्यानं काढून हातावर घेतला.

"तिला बरणी म्हणतात ते मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मी दोनदा बोललो तुला. एकदा तू पेपर तपासत होतीस. एकदा त्या साबणाच्या वडीचं चाललं होतं."

"मग तिसऱ्यांदा बोलायचं."

"हो," नवरा म्हणाला, "ते चुकलंच माझं."

मग तो उठला आणि सुयांच्या डब्यांतला एक डबा घेऊन आला. सुया, बॉबिनं, जुनी बटणं, आणि तळाला कागदात गुंडाळलेलं कॅमेऱ्याचं कार्ड. त्याला काही टाकवत नसे, यावरून बाई त्याला आयुष्यभर बोलत आल्या होत्या. आज बोलल्या नाहीत.

दोघं संगणकासमोर बसले. बाईंनी कापून टाकण्याआधीचं सगळं त्यात होतं. दगड बसले, वाळू बसली, लेकीनं वर पाहिलं. इथे नेहमी संपायचं. इथे ते पुढे गेलं. लेक बरणीच्या पुढे आली, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, हे नको ना दाखवू. सगळे हसतील."

आणि बाईंचा आवाज, मागे नळ वाहतोय, "बरं बरं. जरा बाजूला हो. थर नीट दिसू देत."

लेक बाजूला झाली. मग पडद्यावर नुसती बरणी, कितीतरी वेळ.

बाईंनी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं कापलं होतं, पुढच्याच आठवड्यात, बहुधा कपाळाला आठ्या घालून, व्हिडिओ लांबतोय म्हणून. आणि त्यांना ते अजिबात आठवत नव्हतं. खोटं बोललं असतं तर आठवलं असतं. हे खोटं नव्हतंच, त्यांनी ऐकलंच नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराचं ऐकल्याशिवाय पुढे न जाणारी बाई घरात एका पोरीचं ऐकायला थांबली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते सांगायला रविवारपर्यंत थांबणं भाग होतं, कारण मधल्या वारी फोन करायची दोघींची रीत उरली नव्हती.

खात्यातल्या मॅडमना बाईंनी कळवलं, बरणीचा व्हिडिओ मिळणार नाही. मॅडम म्हणाल्या, मग बरणीचा दुसरा करून द्या, तो धडा तर हवाच. आणि तशीच कुणाची तरी चूक हवी, मजा त्यातच आहे.

"मीच चुकते," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्यावर हसू देत."

"मुद्दाम? तुला नाही जमायचं. पोरं लगेच ओळखतील." त्यानं थोडा विचार केला. "मी एक विचारू का? दोन बरण्या घे. दोन्हींत गढूळ पाणी. एकीत मूठभर मीठ. कुठली आधी निवळेल?"

"साध्या पाण्याची," बाई क्षणात म्हणाल्या. "मिठानं पाणी जड होतं. जड पाण्यात माती तरंगत राहणार."

"नक्की?"

"तीस वर्षं शिकवतेय मी."

"मग हेच कॅमेऱ्यासमोर सांग."

सकाळी नऊला त्यांनी ते सांगितलं, मान ताठ करून. दोन बरण्या हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या. दुपारी बाई सहज बघायला गेल्या. मिठाच्या बरणीत तळाला जाड गाळ बसला होता आणि वरच्या पाण्यातून पलीकडची बोटं मोजता येत होती. साध्या पाण्याची बरणी दूध घातलेल्या चहासारखी, जशीच्या तशी. बाई खाली वाकल्या, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. बरण्या अदलाबदल तर नाही ना झाल्या, असं म्हणून मिठाच्या बरणीतलं पाणी बोटानं चाखलंसुद्धा. खारट होतं. मागे वळून बघतात तर नवरा कॅमेरा चालू ठेवून उभा.

"अहो, बंद करा ते."

नवऱ्यानं बंद केलं नाही. कॅमेऱ्यामागून तो म्हणाला, "दाखवायचं की नाही, ते सांग. मी विचारतोय तुला."

बाई मोडक्या स्टुलावर बसल्या. आपण आत्ता काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. तेच स्वयंपाकघर, तोच नळ. फरक एवढाच, की आपल्याला कुणीतरी विचारलं.

"दाखवा," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुम्हाला उत्तर माहीत होतं?"

"नाही. तुला माहीत नाही, एवढंच माहीत होतं."

मिठामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते खाली बसतात, हे बाईंनी मग पुस्तकात शोधून काढलं. नदीचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मिळालं की इतक्या लांबून आणलेला गाळ तिथे खाली बसतो, तो याही कारणानं. तीस वर्षं त्या हा गाळ शिकवत होत्या, पण मिठाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

शाळेच्या संगणकावरून जुना व्हिडिओ काढायचा होता. मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना, त्यांनी प्रोजेक्टर लावला. पोरगी आली, दगड बसले, पोरीनं वर पाहिलं, आणि बाईंनी सवयीनं थांबवलं. सुटलेली रिबीन नीट बघावी म्हणून त्या पडद्याजवळ गेल्या, तर त्यांचीच सावली पोरीवर पडली. चेहरा पार झाकला गेला. त्या बाजूला झाल्या. घंटा होईपर्यंत त्या तिच्याकडे बघत उभ्या होत्या, आता ही परत दिसणार नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही, हे त्यांना कळत होतं, आणि तरी अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ, असं मन म्हणत होतं. मग त्यांनी तो व्हिडिओ काढून टाकला. घरच्या संगणकावरचाही काढला. कार्ड मात्र पाकिटात घालून लेकीच्या पत्त्यावर पाठवलं. सोबत चिठ्ठी, "तू सांगितलं होतंस. मी बरं म्हणाले होते. ऐकलं नव्हतं. हे तुझं आहे, दुसरी प्रत ठेवलेली नाही."

रविवारी सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. फोन आला नाही. नवरा म्हणाला, पाकीट पोचलं असेल. दुपारी त्यांनी लेकीच्या खोलीतली चादर बदलली.

सोमवारी वर्गात नवा व्हिडिओ लावला. मोक्याला थांबवला. "आता काय होईल?" छत्तीसपैकी एकतीस पोरं म्हणाली, बाई सांगतात तसंच होईल. मग मिठाची बरणी निवळली, पडद्यावर बाई वाकून वाकून बघू लागल्या, बोट बुडवून चाखू लागल्या, आणि वर्ग जो हसत सुटला तो आवरेना. पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. बाईही हसल्या. शिकवायचं ते नीट शिकवलं. पण मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना खांबामागून आवाज आला, "बरणीबाई, निवळलं का?" आणि दुसऱ्या खांबामागून फिदीफिदी. शाळा सुटेपर्यंत ते नाव सातवीपर्यंत पोचलं होतं. दगडबाई हे नाव त्यांनी स्वतः हौसेनं मिरवलेलं होतं. हे दुसऱ्यांनी चिकटवलेलं होतं, आणि ते निघत नव्हतं. बुधवारी त्या व्हरांडा टाळून मैदानाकडून वर्गात गेल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पोरांना चुकवून.

पुढच्या रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"पाकीट मिळालं," लेक म्हणाली.

तब्येत-हवा विचारायचं बाईंना सुचलं नाही. "मला पोरं बरणीबाई म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि मिठाचं सगळं सांगितलं, चाखल्याचंसुद्धा.

पलीकडे लेक हसली. नुसतं हं नाही, खरं हसू, नाकातून आवाज येतो तसलं. ते बाईंनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मग? कसं वाटतंय?"

"वाईट वाटतं गं. मी व्हरांड्यातून जात नाही."

"मी पाण्याच्या टाकीमागून जायचे," लेक म्हणाली. आणि मग, "बघितलं ते कार्डातलं. मी किती बारकी होते आई. मला वाटत होतं, चांगली मोठी होते तेव्हा. तुझ्याकडे खरंच एकही प्रत नाही ठेवलीस?"

"नाही. तुझी होती."

"तुला बघावीशी वाटत नाही?"

"रोज वाटते," त्या म्हणाल्या. "तीही आणि तूही."

चार मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. नवरा हातातली सुई खाली ठेवून बसला होता.

"शेवटचा दिवस कधी आहे तुझा?"

"तीस तारखेला. शुक्रवारी."

"मी कार्ड घेऊन येते. पोरं घरी गेली की तुझ्या वर्गात लावू, आपण तिघंच. पण एक सांगते. थांबवायच्या आधी मला विचारायचं."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि म्हटल्याबरोबर दचकल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून फार सहज निघायचा. म्हणून त्यांनी लेकीला फोन ठेवू दिला नाही आणि वर्गातल्या पोरानं म्हणून दाखवावं तसं तिचं बोलणं एक एक शब्द परत म्हणून दाखवलं. तीस तारीख, शुक्रवार, पोरं गेल्यावर, तिघंच, आणि थांबवायच्या आधी तुला विचारायचं.

"बरोबर," लेक म्हणाली.